तिथीचा रकाना

हेदवीची बामणघळ मी याआधी दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा ती कोरडी होती. काळ्या कातळात उभी चीर, तळाशी शेवाळ, दोन खेकडे आणि कुणीतरी टाकलेली पाण्याची बाटली. भरतीला या चिरेत लाट शिरते, कोंडते आणि कारंज्यासारखी उसळते, असं हातातल्या पुस्तिकेत होतं. मोबाइलवर जमवलेल्या तिन्ही याद्यांतही होतं. भरती कधी, ते मात्र कुणीच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला उमामहेश्वराच्या देवळाच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, "आज तिथी काय?" मला सांगता येईना. "मग कसं दिसायचं?" एवढंच म्हणून ते उठून गेले.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "दुसऱ्यांच्या यादीवर आपण अजून किती वर्षं फिरणार?"

तेव्हा ठरवलं की पुढची कोकणवारी स्वतःच्या यादीवर करायची. श्रीवर्धनपासून रेडीपर्यंत, महामार्गाचं तोंड न बघता, किनाऱ्याकिनाऱ्याने.

'डिजिटल मार्गदर्शिका' म्हटलं की काहीतरी भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात ती एक साधी स्प्रेडशीट होती. नोव्हेंबरभर रात्री जेवणं झाली की मी लॅपटॉप घेऊन बसायचो. एका ओळीत एक जागा आणि पुढे रकाने: नाव, अक्षांश, रेखांश, काय आहे, केव्हा उघडं, कोणत्या ऋतूत. ही शीट गूगल माय मॅप्समध्ये चढवली की प्रत्येक ओळीची नकाशावर एक टाचणी होते. टाचण्यांचे वेगवेगळे थर करता येतात. पाहण्याच्या जागा एका थरात, खाण्याच्या दुसऱ्यात, मुक्कामाच्या तिसऱ्यात. सगळी फाइल बाहेर काढून ऑर्गॅनिक मॅप्ससारख्या, नेटवर्क नसताना चालणाऱ्या नकाशात टाकता येते. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण कोकणात खाडी आली की रेंज जाते आणि नकाशा लागतो तो नेमका खाडीशीच.

ऐकायला हे एका संध्याकाळचं काम वाटतं. मला महिना लागला. पहिल्याच दिवशी सगळी देवनागरी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसली. केळशी पाच प्रश्नचिन्हं, आंजर्ले सात. फाइल साठवताना यूटीएफ-८ निवडायचं राहिलं होतं. मग दोन मुरूड निघाली, एक जंजिऱ्याचं आणि एक दापोलीचं, आणि माझी टाचणी अर्थातच चुकीच्या मुरूडला. वेळासही दोन आहेत, एक श्रीवर्धन तालुक्यात आणि दुसरं मंडणगडात, नाना फडणवीसांचं. त्यानंतर मी हुशारी करून नकाशाची केएमएल फाइल हाताने दुरुस्त करायला घेतली. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, मग रेखांश. केएमएलमध्ये उलटं असतं, आधी रेखांश. मी बोलण्याच्या सवयीने लिहिलं आणि आमचं कुलदैवत व्याडेश्वर गुहागर सोडून नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात जाऊन बसला.

हे आत्याला दाखवलं. ती म्हणाली, "तिथेही जाऊ रे. पण आधी गुहागर."

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आमचं मूळ घर गुहागरपासून जवळच, त्यामुळे या प्रवासावर तिचा हक्क पहिला. ती बरोबर येणार हे तिने स्वतःच जाहीर केलं आणि फाइलीची परीक्षाही घेतली. मोबाइलवर तिला वाचता येत नाही. म्हणून सोळाच्या अक्षरात छापून, स्पायरल बांधून एक प्रत तिच्या हातात दिली. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा समासात सगळीकडे पेन्सिल होती.

तिचा पहिला शेरा असा: "बोटीची बंदरं कुठे आहेत?" लहानपणी ती मुंबईहून गावी बोटीने यायची. भाऊच्या धक्क्यावर चढायचं, दाभोळला उतरायचं. बोट धक्क्याला लागत नसे, ती खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या करंड्या पडावातून काठाला यायच्या. पावसाळ्यात बोट बंद. तिने बंदरं मला पाढ्यासारखी म्हणून दाखवली: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी. मी ती 'आगबोट' नावाच्या वेगळ्या थरात घातली. नकाशावर टाचण्या पडल्यावर कळलं की मी महिनाभर खपून आखलेला रस्ता आणि आत्याचा पाढा जवळजवळ एकच आहे.

दुसरा शेरा हेदवीच्या ओळीसमोर होता: "तिथी?"

"भरतीची वेळ काढायला तुला इंटरनेट कशाला हवं?" ती म्हणाली. "तिथीची पाऊणपट कर. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पुढे सहा तासांनी ओहोटी." शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करणाऱ्या शेवटच्या पिढीतली ती. मला पाऊणकी हा शब्द ठाऊक होता, उपयोग कधी कळला नव्हता. हिशेबामागचं कारण सोपं आहे. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. घड्याळाच्या काट्यावर बरोबर येत नाही, अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण खडकावर उभं राहायला तेवढं पुरतं.

मी शीटमध्ये 'तिथी' हा रकाना वाढवला आणि शेजारच्या रकान्यात सूत्र घातलं, तिथी गुणिले ०.७५. तृतीयेसमोर २.२५ असं उत्तर उमटलं आणि मी ते दोन वाजून पंचवीस मिनिटं असं वाचलं. "तीन पाऊण सव्वादोन," आत्या पेन्सिल न उचलता म्हणाली.

बायकोने एकच थर मागितला, स्वच्छतागृहांचा. पाच तास गाडीत बसणाऱ्या बाईला वाटेत कुठे उतरता येईल, हे छापील प्रवासवर्णनांत नसतं आणि याद्यांतही नसतं. नीट पेट्रोलपंप, एसटी स्थानकं, ज्या खानावळीत जेवलो नाही तरी हसतमुखाने चावी देतात त्या खानावळी, हे सगळं तिने मैत्रिणींना फोन करकरून जमवलं. साऱ्या प्रवासात सर्वांत जास्त उघडला गेला तो हा थर. किल्ल्यांच्या थराला दुसराही नंबर मिळाला नाही. दुसरा पंक्चरवाल्यांचा.

फोन करता करता आणखी दोन रकाने आले आणि माझ्या मते फाइल खरी त्यांनीच उभी केली. एक, 'कोणी सांगितलं'. दुसरा, 'कधी'. आधी मी माहिती नुसतीच चिकटवत होतो. मग एका देवळाच्या तीन वेगवेगळ्या वेळा हाती आल्या आणि कुठली कुठून आली ते मला आठवेना. तेव्हापासून प्रत्येक ओळीला साक्षीदार लागला: 'आत्या, साधारण १९६०', 'घरमालकीण, फोनवर, नोव्हेंबर', 'मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, खंड १०, १८८०'. गॅझेटियर घालायला बायको हसली होती. पण रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या त्या जाडजूड खंडात एकेका बंदराची, खाडीची नोंद इतकी बारकाईने आहे की आजची कुठलीही यादी तिच्यापुढे टिकत नाही. चहा कुठे मिळतो, तेवढं फक्त त्यात नाही.

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी निघालो. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन आणि मुक्काम हरिहरेश्वर. इथली प्रदक्षिणेची वाट देवळामागून कडा उतरून थेट समुद्राच्या खडकांवरून जाते. भरतीला तिथे जाणं जिवावरचं आहे. दुसऱ्या दिवशी द्वितीया, म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. सातला बाहेर पडलो. पाणी दूर गेलं होतं, लाटांनी कोरलेल्या खडकाची जाळी उघडी पडली होती आणि वाटेवर आम्ही सोडून चारच माणसं. रकान्याने पहिला गुण मिळवला.

नऊला बागमांडल्याच्या जेट्टीवर. फेरीबोटीला इकडे 'जंगलजेट्टी' म्हणतात, जंगलाचा काही संबंध नाही. शिपाई हात हलवत ओरडला, "रिव्हर्स घ्या, रिव्हर्स!" उतारावरून, ओल्या लोखंडी फळीवर, मागच्या आरशात पाहत गाडी बोटीत घालायची. पलीकडे सरळ उतरता यावं म्हणून ही कसरत. ही गोष्ट एकाही यादीत वाचलेली नव्हती आणि जिला गाडी चालवायची होती त्या बायकोला ती आधी कळायला हवी होती. तिने बोटीवरच माझ्या फोनमध्ये टाइप केलं: 'उलटी घालावी लागू शकते. घाबरू नये. साक्षीदार: मी.' खाडीच्या मध्यावर अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब दिसले. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची गोष्ट मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. हे पूल झाले की माझ्या फाइलीतल्या पाच-सहा ओळी एका फटक्यात रद्द होतील. होऊ देत. तरी सावित्रीचं पाणी इतक्या जवळून पाहायची ती दहा मिनिटं जातील, याचं थोडं वाईट वाटतंच.

पलीकडे वेश्वी, मग बाणकोट आणि वेळास. वेळासच्या ओळीत ऋतूच्या रकान्यात 'फेब्रुवारीअखेर ते एप्रिल' होतं. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तेव्हा समुद्रात जातात. आम्ही डिसेंबरात होतो म्हणून किनाऱ्यावर गेलोच नाही. यादीतलं काय गाळायचं हे फाइलीने सांगितलं, तर तिचा अर्धा पगार तिथेच वसूल. केळशी, आंजर्ले, कड्यावरचा गणपती करून संध्याकाळी हर्णैला पोहोचलो. बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता. इथे लिहायला लागलो तर थांबणार नाही, म्हणून लिहीत नाही. एवढंच सांगतो की टोपल्यांच्या गर्दीतून सुवर्णदुर्ग दिसतो आणि कुणीही त्याच्याकडे बघत नाही.

मुक्काम मुरुडात. महर्षी कर्वे इथे वाढले. परीक्षेला बसायला ते मित्रांबरोबर इथून सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिलं नाही. ही ओळ मी 'अंतरं' नावाच्या रकान्यात लिहून ठेवली होती. रस्ता खराब आहे म्हणून कुरकुरायला लागलो की बायको ती मोठ्याने वाचायची.

तिसऱ्या दिवशी दाभोळ. वाशिष्ठी ओलांडली की पलीकडे धोपावे. बोट नसती तर चिपळूणला वळसा, शंभराहून जास्त किलोमीटर. आत्या बोटीच्या कठड्याला धरून उभी राहिली. "तिथे थांबायची," तिने खाडीच्या मुखाकडे बोट दाखवलं, "आणि पडाव इथे लागायचा. माझी एक चप्पल इथेच पडलेली आहे." मी तेही नोंदवलं. साक्षीदार: आत्या. तपासता येण्याजोगं नाही.

गुहागरात माझा माज उतरला. व्याडेश्वर नॉर्वेहून परत आणताना मी आकडे घाईत भरले होते आणि दशांशानंतर तीनच अंक ठेवले होते. तिसऱ्या अंकाला जमिनीवर सुमारे एकशे दहा मीटर होतात. पाच अंक ठेवले की चूक साधारण मीटरभर राहते. तीन अंकांची टाचणी देवळाच्या दाराऐवजी मागच्या आळीत पडली आणि तिने आम्हाला एका पाखाडीच्या तोंडाशी आणून उभं केलं. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधे जेमतेम गाडीएवढी वाट आणि पुढे पायऱ्या. एका घरातून काकू बाहेर आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मोबाइलने आणलं ना? महिन्यात दोन तरी येतात." मग त्यांच्या मुलाने गाडी मागे काढून दिली. मी म्हणालो, हा नकाशा मीच केलाय. त्यांना ते खरं वाटलं नाही. आतून कोकम सरबत आलं.

देवदर्शन, जेवण आणि पावणेदोनला हेदवी. दशभुजा गणेशाचं देऊळ वर टेकडीवर, पण आम्ही आधी खाली गेलो. उमामहेश्वराच्या पायरीवर या वेळी कुणी नव्हतं. आत्या तिथे बसली आणि मला म्हणाली, "जा पुढे. फार काठाला जाऊ नकोस."

सुरुवातीला काहीच नव्हतं. पाणी चिरेच्या तोंडाशी येऊन घुटमळत होतं आणि माघारी जात होतं. दोन वाजता आवाज बदलला. आधी खळखळ होती, ती आता जमिनीखालून येऊ लागली, जड वस्तू कुणीतरी सरकवत असल्यासारखी. एक लाट आत शिरली, तिच्यामागून दुसरी आली, पहिलीला परत फिरायला जागा उरली नाही, आणि एकदम तोफेसारखा बार होऊन पाणी वर गेलं. माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. वर जाऊन ते क्षणभर थांबलं, त्याचं पांढरं पीठ झालं आणि वाऱ्यावर आमच्या अंगावर आलं. खारट, थंड. पुन्हा शांतता. सात-आठ लाटा नुसत्या आणि मग पुन्हा बार. मी घड्याळ पाहिलं: दोन वाजून वीस. मागे वळून पाहिलं तर आत्या पायरीवरून हाताची तीन बोटं दाखवत होती. तीन पाऊण सव्वादोन.

तासभर आम्ही तिथेच होतो. दरम्यान एक गाडी आली, मुलांनी दोन फोटो काढले आणि दोन बारांच्या मधल्या शांततेतच ती निघून गेली. त्यांच्या यादीत आता बामणघळीसमोर काय लिहिलेलं असेल, कोण जाणे.

चौथ्या दिवशी तवसाळहून जयगडला उतरलो ते मोठ्या दिमाखात. शीटप्रमाणे मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर, मग गणपतीपुळे, दीड तासात दर्शन आणि संध्याकाळी रत्नागिरी. मालगुंडचं कौलारू घर शांतपणे पाहून झालं. पुळ्याच्या अलीकडे मात्र गाड्यांची रांग सुरू झाली आणि ती हलेना. शनिवार नाही, रविवार नाही, सुट्टी नाही. मी फाइल उघडून कारण शोधत होतो. आत्याने स्पायरलची प्रत उघडली, आजच्या पानावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "वद्य चतुर्थी लिहिली आहेस. संकष्टी आहे हे तुला कळलं नाही?"

तिथीचा रकाना मी भरतीसाठी केला होता. समोर चतुर्थी दिसत होती, तिची पाऊणपट तीन हेही दिसत होतं, आणि गणपतीच्या गावाला आपण संकष्टीला जातोय हे मात्र दिसलं नव्हतं. तीन तास रांगेत गेले. शिवाय आत्याचा उपास. मालगुंडच्या घरगुती खानावळीतल्या माशांची मी ठळक अक्षरात केलेली नोंद तिच्या काही कामाची नव्हती आणि चंद्रोदयापर्यंत ती राजगिऱ्याच्या लाडवावर होती. रात्री रत्नागिरीत मी फाइलीत रकाना वाढवला, 'त्या दिवशी गावात काय असतं'. जत्रा, आठवडी बाजार, संकष्टी, शाळांच्या सहली. पुण्याहून निघण्याआधी हे सुचायला हवं होतं.

पावस, पूर्णगड वेगाने मागे टाकले. वाटेत आत्यासाठी मुसाकाजीला वळलो, कारण ते नाव पाढ्यात होतं आणि एकाही यादीत नव्हतं. बंदरात एक धक्का, होड्या, वाळत घातलेली जाळी आणि झोपलेलं कुत्रं. एका लग्नाला वेंगुर्ल्याला जाताना बोट रात्री इथे थांबली होती. आत्याने तेव्हा फक्त पडावांतले कंदील पाहिले होते. आता ती उजेडात पाच मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "चला."

विजयदुर्गाच्या ओळीत मी एक लाल खूण करून ठेवली होती. या किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणतात ते दगडी चौथरे आहेत. गोष्ट अशी सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथून सूर्य पाहिला आणि हेलियमचा शोध लावला. दरवर्षी त्या तारखेला किल्ल्यावर हेलियमचा दिवस साजरा होतो. साक्षीदारांचा रकाना भरायला बसलो आणि गोष्ट डळमळली. त्या ग्रहणाचा पट्टा कोकणावरून गेला हे खरं, पण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने सूर्य पाहिला तो गुंटूरहून, आणि लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होता. त्याने सूर्यप्रकाशातल्या हेलियमच्या पिवळ्या रेषेचं निरीक्षण ऑक्टोबरात तिथूनच केलं. म्हणजे ओळ खोडायची?

खोडायला हात गेला होता. मग आणखी वाचताना सापडलं की लॉकियर विजयदुर्गला खरोखर आला होता, तीस वर्षांनंतर. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला त्याने दुर्बिणी घेऊन इथेच तळ ठोकला होता, ब्रिटिश आरमाराचे खलाशी मदतीला. तोवर रॅमसेने १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरही शोधून काढला होता. चौथरे साहेबाचे, साहेबही खरा, ग्रहणही खरं. फक्त दोन ग्रहणं लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळली असावीत. चौथरे या मुक्कामाचेच असणार, असं मला वाटतं. फाइलीत मी तसं 'मला वाटतं' असंच लिहिलंय.

किल्ल्यात भेटलेल्या वाटाड्याने १८६८ चीच गोष्ट सांगितली, रंगवून, छान. मी मधे बोललो नाही. संपल्यावर १८९८ चं सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे आला होता ना?" आला होता, मी म्हणालो. "मग झालं." त्याचा मुद्दा बिनतोड होता.

पुढे देवगड, कुणकेश्वर, मालवण. त्याबद्दल इतरांनी इतकं लिहिलंय की माझ्या फाइलीत सिंधुदुर्गाची नोंद दोन ओळींची आहे: होडी किती वाजता सुटते आणि तिकिटाला सुटे पैसे ठेवा. वेंगुर्ल्यापुढे आरवलीला वेतोबापुढे नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला पाहून आत्याला दाभोळच्या खाडीतली तिची चप्पल आठवली. शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह १९३० साली झाला, आणि वि. स. खांडेकर तेव्हा तिथल्याच शाळेत शिकवत होते. रेडीच्या गणपतीपाशी किनारा सोडला आणि आंबोली चढून घरी आलो.

फोनने शेवटच्या दिवशी दगा दिला. काचेमागे उन्हात तापून तो बंदच पडला आणि आंबोलीपर्यंत आत्याने स्पायरलमधून वाचून रस्ता सांगितला. गमतीचा भाग असा की तो कागद आमच्या फाइलीपेक्षा ताजा होता. पेन्सिलीच्या सगळ्या दुरुस्त्या त्यातच होत्या. घरी आल्यावर मी दोन रात्री बसून त्या एकेक करून शीटमध्ये चढवल्या.

आता ही फाइल चुलतभावाकडे गेली आहे, त्याच्याकडून त्याच्या मित्रांकडे. परवा एका अनोळखी माणसाचा निरोप आला: 'बामणघळ दिसली. पंचमी होती, पावणेचारला.' मी तो साक्षीदारांच्या रकान्यात घातला.

तुम्हाला अशी फाइल करायची असेल तर रकाने तुमचे तुम्ही ठरवा, फक्त 'कोणी सांगितलं' आणि 'कधी' हे दोन गाळू नका. आणि माझी कुठून मिळालीच, तर दाभोळच्या शेवटच्या फेरीची वेळ निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. माझ्याकडची डिसेंबरातली आहे.